नदीचे कोरडे महिने

आमच्या नदीला वर्षातले चार महिने पाणी असायचे आणि उरलेले आठ महिने ती आमच्या घरातली एक खोली असायची. घर वळसंगच्या पलीकडे, नदीच्या काठाला लागूनच होते. दिवाळीनंतर धार तुटली की आई पात्रात उतरायची आणि कुठली जागा पापडांना, कुठली गोधड्या वाळवायला हे ठरवून यायची. गावातल्या लग्नांच्या पंगती वाळूत बसायच्या, कारण तेवढी सपाट आणि स्वच्छ जागा गावात दुसरी नव्हती. नकाशात नदीला नाव आहे. गावात तिला नदीच म्हणत. दुसरी नदी नसल्यामुळे नावाची गरज कधी पडली नाही.

घरात आम्ही पाच माणसे. अण्णा म्हणजे माझे वडील, आई, मी, धाकटा भाऊ शिवा आणि चंद्राआत्या. आत्या अण्णांची थोरली बहीण. तिला अक्कलकोटच्या बाजूला दिले होते. नवरा वारल्यावर तीन महिन्यांनी ती परत आली. येताना एक ट्रंक आणली आणि वाळलेल्या भोपळ्याचे एक भांडे, त्यात राखेत घोळलेले खरबुजाचे बी. आमच्या घरात तिला कोणी कधी वाईट बोलले नाही, आणि करायलाही काही दिले नाही. चूल आईची होती, शेत अण्णांचे होते, म्हशीसुद्धा आईशिवाय कोणाला दूध देत नसत. आठवडाभर आत्या ओसरीवर बसून राहिली. मग एके दिवशी खोरे घेऊन नदीत उतरली. तिथे कोणाची मालकी नव्हती.

तिचे काम मी शाळेपेक्षा जास्त लक्ष देऊन पाहिले आहे. धार आटून डबकी उरली की ती वाळूत ओळीने खड्डे खणायची, ओल लागेपर्यंत. त्यात पावसाळ्यात वाहून आलेला गाळ आणि कुजके शेणखत घालायची, बी टाकायची आणि वाऱ्याने वाळू उडू नये म्हणून बाजूला काट्यांचे कुंपण घालायची. पाणी घालायची ते सुरुवातीचे वीस दिवस. नंतर म्हणायची, "आता त्येंचं त्येंनी बघावं." मुळे खाली ओल शोधत जायची आणि चैत्रात वेलांखाली पिवळी खरबुजे दिसायला लागायची. वासावरून पिकलेले कोणते ते आत्या लांबूनच सांगायची. मळ्याशेजारी तिचा झरा असायचा, म्हणजे वाळूत हाताने खणलेला कोपरभर खोल खड्डा. त्यात पाणी हळूहळू यायचे, वाटीने भरायचे, पण थंड आणि गोड. आई तुरीची डाळ त्याच पाण्यात शिजवायची. विहिरीच्या पाण्यात ती दुपारपर्यंत शिजत नसे. दुपारचे जेवण पुष्कळदा तिथेच व्हायचे: ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, वाळकाच्या फोडी आणि झऱ्याचे पाणी.

नदीत आम्ही एकटे नव्हतो. काठाच्या दरडीत वेड्या राघूंची बिळे होती, त्यांची किरकिर दिवसभर चालायची. टिटवी उघड्या गोट्यांत अंडी घालायची आणि आम्ही त्या बाजूला पाऊल टाकले की कोकलत सुटायची. पहाटे वाळूत खोकडाची पावले उमटलेली असत. ते दोन-तीन दिवसांनी एखादे खरबूज खाऊन जायचे. मी दगड मारायला निघाले की आत्या म्हणायची, "खाऊ दे. खातंय आन् फुडं जाऊन बी टाकतंय. आपल्याला तेवढं लांब जायाला कुटं जमतंय?" खरोखरच खाली मैलभर अंतरावर, कोणी न लावलेले वेल आम्हाला सापडायचे. पाऊस पडला की दगडांमधल्या डबक्यांत बेडूक अंडी घालायचे. त्या डबक्यांत मासे नसत, म्हणून पिल्ले जगायची, आणि श्रावणात शेतात पाय ठेवला की चार बेडूक उडायचे. पुराचे पहिले पाणी यायचे ते पाण्यासारखे दिसतच नसे. आठ महिन्यांचा पाला, शेण, लेंड्या, काटक्या घेऊन ते चहाच्या रंगाचे पुढे सरकायचे. शहरातले पाहुणे नाक धरायचे. त्या घाणीवर माशांची पिल्ले पोसायची आणि काठची जमीनही. हे मला पुढे बीएस्सीला शिकवले तेव्हा मी वहीत उतरवून घेतले नाही. प्राध्यापकांना त्याचा राग आला.

आता मी बार्शीत राहते. शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झाले. गेल्या उन्हाळ्यात गावी गेले होते, तेव्हा सोलापूरच्या कॉलेजातली चार मुले नदीच्या पात्रात टेप घेऊन उभी होती. त्यातल्या एकीने मला विचारले, "आजी, ही नदी कधीपासून कोरडी आहे?" मी म्हटले, "दिवाळीपासून." ती म्हणाली, "नाही, कोणत्या सालापासून?" मी म्हटले, "याच." तिने ते लिहून घेतले. मग मला वाईट वाटले आणि मी त्यांना सावलीत बसवून सगळे सांगितले. बार्शीत नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, पण नळ मेला असे कोणी म्हणत नाही. नदीच्या बाबतीत मात्र माणसे लगेच तेराव्याच्या तयारीला लागतात.

अण्णांचेही तसेच होते. त्यांना कोरडी नदी बघवत नसे. लहानपणी एका दुष्काळात त्यांनी दोन कोसांवरून डोक्यावर पाणी वाहिले होते आणि ते त्यांच्या मानेत बसले होते. बंधाऱ्यासाठी ते सोलापूरच्या कचेरीत इतक्या वेळा गेले की तिथला शिपाई त्यांना आजारी आईची चौकशी केल्यासारखा विचारायचा, "काय म्हणते नदी?" शेवटी एक साहेब पाहणीला आला. जीपमधून उतरला, पात्राच्या मधोमध आला, रुमालाने बूट झटकले आणि म्हणाला, "नदी कुठे आहे?" अण्णांनी खाली बोट दाखवले. साहेबाने पाय बाजूला घेतला. पुढच्या दोन वर्षांत बंधारा झाला. दगडी भिंत, तिच्यात गाळे, आणि गाळ्यांत बसवायची लोखंडी दारे. त्यांना बर्गे म्हणतात. पाऊस सरताना बर्गे बसवायचे, पुढचा पाऊस यायच्या आत काढायचे, असे साहेबाने समजावून सांगितले होते. बंधाऱ्यासाठी गावाने नेमलेल्या पंच मंडळींचे अध्यक्ष म्हणून अण्णांनी ते ऐकून घेतले.

बर्गे बसले आणि नदी थांबली. आत्याचा मळा व्हायचा तिथे पुरुषभर पाणी उभे राहिले. गावाने नारळ फोडला, आईने पुरणपोळ्या केल्या. आत्या काठावर आली आणि म्हणाली, "आयतु." कानडीत आयतु म्हणजे झालं. जेवताना अण्णा म्हणाले, "आक्का, आता उन्हात मरायचं काम न्हाय. बस घरात निवांत." आत्याने पोळीवर तूप घेतले. बस घरात, हे वाक्य अण्णांनी मायेने म्हटले होते, म्हणून त्याला उत्तरही देता येत नव्हते.

पहिली दोन वर्षे अण्णांचेच खरे होते, हे मला सांगितलेच पाहिजे. विहिरींचे पाणी चढले. आमच्या शेजारच्या गुरप्पाकाकांनी काठच्या रानात ऊस लावला. उन्हाळा आला, तरी पाणी आहे म्हटल्यावर बर्गे काढायला कोणाचा हात धजेना. पाऊस आला, पाणी भिंतीवरून गेले, बर्गे तसेच राहिले. आत्याने दोन्ही वर्षी आमच्या काळ्या रानात बी लावून पाहिले. पहिल्या वर्षी लिंबाएवढी फळे आली आणि सडली. दुसऱ्या वर्षी फुलेच गळाली. "त्येला वाळू लागती," एवढेच ती म्हणाली. खरबुजाचे बी फार वर्षे टिकत नाही. भांडे हलवले की आधी खळखळ आवाज यायचा, आता मोजून ऐकता येत होते.

तिसऱ्या वर्षी नदीचा रंग हिरवा झाला. कडेला जलपर्णी आली. जाळ्यात पूर्वी पाच-सात जातींचे मासे यायचे, आता एकच जात यायची, चिलापी, आणि तिला शेवाळाचा वास. बेडकांची पिल्ले तिने खाल्ली. दरडीतली बिळे बुडाली होती, राघू निघून गेले. टिटवी कधी गेली ते कळलेही नाही. डास मात्र बारमाही झाले. कार्तिकात शिवाला हिवताप आला, पाठोपाठ आईला. शिवाचे दात वाजायचे ते मला स्वयंपाकघरात ऐकू यायचे. घरातले सगळे काम आत्यावर आले, तेव्हा पहिल्यांदाच चूल तिच्या हाती गेली. आई अंथरुणातून म्हणायची, "वन्सं, डाळ शिजली का?" आत्या म्हणायची, "शिजतीया." ती शिजत नव्हती. झरा नव्हता. शिवाला वळसंगच्या डॉक्टरांनी वाचवले. गुरप्पाकाकांची सून मात्र त्याच तापात गेली. ती एकोणीस वर्षांची होती, आणि मला लंगडी खेळताना नेहमी जिंकू द्यायची.

त्याच सुमाराला अण्णांना आणखी एक गोष्ट दिसली. विहिरीचे पाणी उतरायला लागले. दोनशे पावलांवर नदी काठोकाठ आणि विहीर खाली चाललेली. ते रोज सकाळी विहिरीत दोर सोडायचे, ओल्या खुणेपर्यंत हाताने मोजायचे आणि चुकले असे समजून पुन्हा मोजायचे.

एका सकाळी आत्याने मला नदीवर नेले आणि लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला. ती छातीभर पाण्यात गेली, बुडी मारली आणि दोन्ही हातांत तळाचा गाळ घेऊन वर आली. काळा, गुळगुळीत, लोण्यासारखा. आम्ही तो पाटीत भरून घरी आणला. अंगणात तिने दोन फुटके माठ ठेवले, दोघांच्याही बुडाला भोके. दोन्हींत निम्मी-निम्मी वाळू भरली. एकात वाळूवर गाळाचा चार बोटे थर दिला आणि हाताने सारवला. अण्णा ओसरीवर चहा पीत होते.

"नामा, जरा बघ हिकडं," ती म्हणाली. "सुले, वत पानी."

मी पहिल्या माठात तांब्याभर पाणी ओतले. भांडे बाजूला ठेवेपर्यंत ते बुडातून गळायला लागले. दुसऱ्यात ओतले. पाणी गाळावर उभे राहिले. त्यात अंगणातल्या कडुलिंबाचे प्रतिबिंब दिसत होते.

अण्णा चहा बाजूला ठेवून दुसऱ्या माठावर वाकले. चहावर साय धरली.

"खालून गळंल थोड्या वेळानं," ते म्हणाले.

"दुपारपातुर बस की मग," आत्या म्हणाली. "मला बी काम न्हाय."

अण्णा खरोखरच दुपारपर्यंत बसले. माठाखालची जमीन कोरडी होती. आत्या शेजारी येऊन बसली. "दरसाल पूर यायचा, गाळ न्यायचा. उरला त्यो उनात तडकायचा, लोक रानात न्यायचे. वाळू मोकळी व्हायची. तीन वरसं झाली, तू नदीला सारवून ठेवलंयस. पानी वर हाय, पर खाली कुटनं जानार? विहिरीला त्येच पानी येत हुतं."

"मग काय करावं म्हनतीस?"

"संक्रांतीला बर्गे काढ. वाळू दे तिला."

"समदं पानी सोडून देऊ? लोक मला जोड्यानं हाणतील."

"हाणतील," आत्या म्हणाली.

मारुतीच्या देवळात बैठक झाली. अण्णा उभे राहिले आणि त्यांनी दोन माठांची हकीगत सांगितली, कोणी कोणत्या माठात पाणी ओतले यासह. माणसे शांतपणे ऐकत होती. गुरप्पाकाकांचा ऊस पाण्यावर उभा होता, सर्वांत जास्त नुकसान त्यांचे होणार होते. ते म्हणाले, "नामदेव, बंधारा तूच मागून आणलास."

"व्हय."

"आन् आता तूच रिकामा कर म्हनतोस."

"व्हय. तवा बी मला खरं वाटत हुतं, आता बी वाटतंय. दोनातलं एक चुकीचं हाय, आन् माजी विहीर सांगतीया की पयलं."

गुरप्पाकाकांनी डोक्यावरचा पटका सारखा केला. मग म्हणाले, "माज्या घरात डास हुते की." एवढे बोलून ते उठले आणि निघून गेले. ते हो होते की नाही, यावर उरलेल्यांनी तासभर चर्चा केली. शेवटी एक वर्ष करून पाहायचे ठरले.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बर्गे काढायला गेलो तर ते गाळात रुतून बसले होते. पहारी वाकल्या. दुपारी गुरप्पाकाका न बोलता आले, स्वतःची साखळी आणि बैलजोडी घेऊन. पहिला बर्गा त्यांच्याच बैलांनी ओढला. पाणी असे सुटले की खालच्या गावाला निरोप पाठवावा लागला. तीन दिवस चिखल आणि माशांचा वास. चौथ्या दिवशी मी काठावर गेले तर पात्र पांढरे दिसत होते. बगळे, ढोकरी, करकोचे, मी नाव न ऐकलेले पक्षी चिखलात मासे टिपत होते. कुठून कळले त्यांना, हे मला अजून माहीत नाही. ते आठवडाभर राहिले. पंधरा दिवसांत गाळाला भेगा पडल्या, जलपर्णी वाळून कागदासारखी झाली, आणि लोक बैलगाड्या भरभरून गाळ रानात नेऊ लागले. खाली वाळू निघाली.

आत्याने उरलेले सगळे बी लावले. बत्तीस होते. काही मागे ठेव, असे आई म्हणाली, तर ती म्हणाली, "ठेवून बी मरनारच." अकरा उगवले. ते ज्या दिवशी दिसले त्या दिवशी आत्या त्यांच्याशेजारी वाळूत आडवी झोपली होती, उन्हात, डोक्याखाली हात घेऊन. मला वाटले तिला काही झाले. मी हाका मारत पळत गेले. ती म्हणाली, "वरडू नगंस. जरा बरं वाटतंय."

तो उन्हाळा सोपा नव्हता. विहिरी काही लगेच चढल्या नाहीत. ते व्हायला पाऊस लागणार होता. गुरप्पाकाकांचा निम्मा ऊस वाळला. वैशाखात ते अण्णांशी बोलेनासे झाले. अण्णांचे वजन उतरले. ते रोज दोर सोडायचे, रोज मोजायचे आणि कोणाला काही सांगायचे नाहीत. गाव मात्र वाळूतल्या झऱ्यांवर तरले. ओळीने झरे, त्यांच्याशी ओळीने बायका. वर्षभर एकमेकींना न भेटलेल्या बायका तिथे भेटत होत्या आणि कोणाला घाई नव्हती, कारण झऱ्याला घाई नव्हती. आईचा ताप गेला. डास चैत्रातच संपले होते. अकरा वेलांपैकी सात जगले. पहिले खरबूज कापले तेव्हा आत्याने आम्हाला प्रत्येकी एक फोड दिली आणि जेवणाच्या ताटात बी थुंकायला लावले, अण्णांनासुद्धा. शिवाने एक बी गिळले. त्याच्याशी ती दोन दिवस बोलली नाही.

पुढच्या पावसाळ्यात पूर आला आणि मोकळ्या गाळ्यांतून गेला. बर्गे आश्विनात बसवले. दसऱ्याला अण्णांनी दोर सोडला आणि मोजलेच नाही. पाणी पायऱ्यांवर दिसत होते. ते विहिरीच्या काठावर बसून राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, "आक्काला बलीव." आत्या आली, वाकून बघितले, म्हणाली, "व्हय की," आणि शेण थापायला परत गेली. ती बरोबर होती, असे अण्णा तिला कधी म्हणाले नाहीत. तिनेही कधी विचारले नाही. दोघांचे त्यामुळे काही अडले नाही.

अडले ते नंतर, आमच्या ओसरीवर. संक्रांतीआधी पंच मंडळींची नवी वही करायची होती. अण्णा अध्यक्ष, म्हणून वही आमच्याकडे. रकाने तीन: नाव, वय, धंदा. शाईची दौत धरायला मी होते. गुरप्पाकाका समोर बसले होते. त्यांनी नाव सांगितले, अण्णांनी लिहिले, धंदा शेती. मग आणखी चौघे, धंदा शेती. मग अण्णांनी कोणाला न विचारता सहावे नाव लिहिले: चंद्राबाई. गुरप्पाकाकांनी वहीकडे पाहिले, अण्णांकडे पाहिले आणि विड्याचे पान जुळवायला घेतले. त्या वहीत तोपर्यंत बाईचे नाव नव्हते. धंद्याच्या रकान्यात येऊन अण्णांचा टाक थांबला. आत्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. विचार करून त्यांनी लिहिले, नदीतली शेती.

आत्या आत भाकरी थापत होती. पिठाचे हात घेऊन उंबऱ्यात आली. "सुले, काय लिवलंय माज्याफुडं?"

मी वाचून दाखवले.

"आन् गुरप्पाच्या फुडं?"

"शेती."

"मग माज्याफुडं बी तेवढंच लिवा म्हनावं," ती म्हणाली आणि आत गेली. तव्यावर भाकरी होती.

अण्णांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. मग 'नदीतली' या शब्दावर रेघ सरळ यावी म्हणून त्यांनी माझ्याकडून फूटपट्टी मागून घेतली.